चीनमध्ये फोनवरचं लाल पाकीट: घ्यायचं कसं, द्यायचं कसं, परत कधी करायचं

शेन्झेनमधल्या माझ्या पहिल्या वसंतोत्सवात, म्हणजे चिनी नववर्षाच्या सणात, 2018च्या फेब्रुवारीत, घरमालकीणबाईंनी वीचॅटवर, म्हणजे तिथल्या गप्पांच्या आणि पैशांच्या अॅपवर, मला 66.66 युआनचं लाल पाकीट, म्हणजे शुभेच्छेचे पैसे, पाठवलं. मी ते उघडलं, आभार मानले आणि कुणाचं देणं अंगावर नको म्हणून मिनिटाभरात बरोबर 66.66 युआनचंच पाकीट त्यांना परत पाठवलं. त्यांनी ते उघडलं. एरवी एका निरोपाला फुलं, फटाके आणि नाचणारी मांजरं पाठवणाऱ्या बाईंकडून त्यानंतर एक शब्द आला नाही.

काय चुकलं ते सुट्टीनंतर ऑफिसमधल्या मैत्रिणीने सांगितलं. "तू त्यांचा हिशोब मिटवून टाकलास," ती म्हणाली. मला लगेच आईचं स्वयंपाकघर आठवलं. शेजारच्या काकूंनी डब्यातून पुरणपोळ्या पाठवल्या तर डबा रिकामा परत जात नाही. आणि त्याच संध्याकाळी मोजून तितक्याच पोळ्या करूनही कुणी पाठवत नाही. चार दिवस जातात, घरात काहीतरी होतं, मग त्या डब्यातून वाटीभर काहीतरी जातं. लाल पाकिटाचं नेमकं असंच आहे. एवढी एक गोष्ट डोक्यात ठेवली की पुढचे सगळे नियम आपोआप कळायला लागतात.

एमबीबीएसला गेलेली मुलं, यीवूच्या घाऊक बाजारात माल घ्यायला जाऊन तिथेच राहिलेले व्यापारी, कंपनीने दोन-तीन वर्षांसाठी पाठवलेले इंजिनिअर, अशा नव्याने चीनमध्ये राहणाऱ्यांसाठी हे लिहिते आहे.

आधी चार शब्द

लाल पाकिटाला म्हणतात होंगबाओ. होंग म्हणजे लाल, बाओ म्हणजे पुडकं. क्वांगतोंग प्रांतात, म्हणजे क्वांगचौ-शेन्झेनच्या बाजूला, जुने लोक त्याला लाय-सी म्हणतात. नव्या वर्षाला मोठी माणसं लहानांना देतात ते या-स्वेइ-छ्येन. हे आपल्या "खाऊला घे" म्हणून मुठीत कोंबलेल्या नोटेसारखंच. त्यामागची कथा अशी, की वर्षाच्या शेवटच्या रात्री स्वेइ नावाचं भूत झोपलेल्या मुलांच्या डोक्याला हात लावून त्यांना आजारी पाडायचं. एका घरात आईवडिलांनी लाल कागदात आठ नाणी गुंडाळून मुलाच्या उशाशी ठेवली, त्यांच्या झळाळीने ते पळालं. म्हणजे हे पैसे मुळात खर्चायला नव्हे, राखणीला दिलेले.

तिसरा शब्द फन्-झ-छ्येन, लग्नकार्यात द्यायचा वाटा. आपला आहेर. आणि चौथा, सगळ्यात महत्त्वाचा, रन्-छिंग. याला मराठीत एक शब्द नाही. केलेल्या उपकाराची आठवण, ऋणानुबंध आणि "आपण त्यांचं देणं लागतो" ही जाणीव, तिन्ही त्यात आहेत. चिनी माणूस "मी तुझं एक रन्-छिंग लागतो" म्हणाला तर त्याने तोंडदेखलं काही म्हटलेलं नाही, तो ते लक्षात ठेवणार आहे.

फोनवर हे आलं कुठून

टेन्सेंट ही वीचॅटची कंपनी शेन्झेनची. सुट्टीनंतर कामाच्या पहिल्या दिवशी मालकाने कामगारांना छोटं पाकीट द्यायचं ही क्वांगतोंगची जुनी रीत, आणि टेन्सेंटमध्येही संस्थापकांच्या हातून ते घ्यायला कर्मचाऱ्यांची लांब रांग लागत आली आहे. 2014च्या जानेवारीत, वसंतोत्सवाच्या तोंडावर, हेच त्यांनी वीचॅटमध्ये आणलं. व्यवहाराचा हेतू उघड होता. फोनवरून पैसे देण्यात तेव्हा अलीबाबाचं अलीपे फार पुढे होतं आणि लोकांनी आपलं बँक खातं वीचॅटला जोडावं असं टेन्सेंटला हवं होतं. पाकिटातले पैसे बाहेर काढायचे तर खातं जोडावंच लागणार. अलीबाबाच्या जॅक मा यांनी या चालीला पर्ल हार्बरवरच्या अचानक हल्ल्याची उपमा दिली होती.

पुढच्या वर्षी, 18 फेब्रुवारी 2015च्या रात्री, सरकारी दूरचित्रवाणीच्या वसंतोत्सव कार्यक्रमात प्रेक्षकांना फोन हलवायला सांगितलं आणि एका मिनिटात 81 कोटी वेळा फोन हलवले गेले. 2017च्या तशाच रात्री वीचॅटवर 14.2 अब्ज पाकिटांची देवाणघेवाण झाली. अलीपेनेही 2016पासून पाच "फू", म्हणजे पाच शुभाक्षरं, गोळा करायचा खेळ सुरू केला. तेव्हापासून तो दर वर्षी होतो आणि लोक एकमेकांकडे हवं ते अक्षर मागत फिरतात.

फोनची तयारी

भारतात वीचॅटवर जून 2020पासून बंदी आहे. इथूनच सगळं लावून जाऊ असं ठरवू नका, चीनमध्ये पोहोचल्यावर तिथल्या सिमकार्डावर खातं उघडा. नवं खातं उघडताना बहुधा जुन्या वापरकर्त्याने कोड स्कॅन करून तुमची खात्री द्यावी लागते. कॉलेजातले सीनियर किंवा कंपनीतला सहकारी ते करतो.

मग बँक. भारतातलं किंवा दुसऱ्या देशातलं व्हिसा, मास्टरकार्डसारखं कार्ड वीचॅटला जोडता येतं आणि त्याने दुकानात पैसेही देता येतात, पण त्यावरून होंगबाओ पाठवता येईल असं धरून चालू नका. त्यासाठी चिनी बँकेत खातं हवं. खातं उघडताना पासपोर्टवर नाव जसं आहे अगदी तसंच, त्याच क्रमाने, त्याच मोकळ्या जागांसह लिहायला सांगा. वडिलांचं नाव मध्ये आणि आडनाव शेवटी असणाऱ्या आपल्यासारख्यांची वीचॅटवरची पडताळणी इथेच अडकते. माझी दोनदा अडकली आणि दोन्ही वेळा बँकेत जाऊन नाव दुरुस्त करून आणावं लागलं.

आलेले पैसे बँकेत न जाता वीचॅटच्याच पाकिटात साठतात. त्या जागेचं नाव लिंग-छ्येन, म्हणजे सुटे पैसे. सुटे पैसे बँकेत वळवताना पहिल्या एकूण 1000 युआनपर्यंत काही कापत नाहीत, त्यापुढे 0.1 टक्का कापतात.

पहिलं पाकीट पाठवताना

समोरच्याशी गप्पांचा पडदा उघडा. उजव्या कोपऱ्यातल्या अधिकच्या चिन्हावर बोट ठेवलं की लाल पाकिटाचं चित्र येतं. रक्कम लिहा, शुभेच्छा लिहा, सहा आकडी पासवर्ड टाका. शुभेच्छेची जागा रिकामी सोडली तर "कोंग-शी फा-त्साय, ता-ची ता-ली" असं आपोआप जातं, म्हणजे भरभराट होवो, सगळं शुभ होवो. नव्या वर्षाला ते शोभतं. मित्राच्या परीक्षेला किंवा आजारातून उठलेल्या माणसाला पाठवताना मात्र स्वतःच्या हाताने दोन शब्द लिहा. न लिहिलेलं लगेच कळतं.

समोरच्याला केशरी रंगाची पट्टी दिसते. ती दाबली की लाल पाकीट उभं राहतं, मधोमध सोनेरी गोल नाणं, त्यावर "उघड" असं अक्षर. ते दाबलं की नाणं गिरक्या घेतं आणि आकडा दिसतो. 24 तासांत कुणी उघडलं नाही तर पैसे पाठवणाऱ्याकडे आपोआप परत येतात. हे 24 तास फार कामाचे आहेत, त्याबद्दल पुढे.

एका पाकिटात 200 युआनपेक्षा जास्त घालता येत नाहीत. 20 मे किंवा सात-सातच्या सणासारख्या (चिनी पंचांगातल्या सातव्या महिन्याचा सातवा दिवस) प्रेमिकांच्या दिवशी ही मर्यादा 520पर्यंत वाढवली गेली आहे. मला हा 200चा बांध फार शहाणपणाचा वाटतो, कारण त्यामुळे पाकीट शुभेच्छेपुरतं राहतं. यापेक्षा मोठी रक्कम द्यायची तर "च्वान-चांग", म्हणजे साधं हस्तांतर, वापरतात. त्याचा रंगही वेगळा आणि अर्थही. हस्तांतरातल्या पैशाला लोक पैसा समजतात. उसने घेतलेले, जेवणाच्या बिलातला वाटा, घरभाडं हे सगळं तिकडून. मित्राने तुमच्यासाठी तिकीट काढलं आणि तुम्ही त्याची किंमत लाल पाकिटातून दिलीत तर त्याला ते बक्षीस वाटेल आणि तो घेणार नाही.

आकड्यांची भाषा

आपल्याकडे 101, 501 देतात, वर एक रुपया हवाच. चीनमध्ये शुभकार्याला सम आकडा हवा, कारण चांगली गोष्ट जोडीने येते असं ते मानतात. वरचा एक रुपया तिथे घालू नका. कित्येक ठिकाणी विषम रक्कम मयताच्या वेळी देतात.

चार टाळा. चारचा उच्चार "स" आणि मरणाचाही "स", फक्त सूर वेगळा. आठ सगळ्यांचा लाडका, कारण "बा" हा भरभराटीच्या "फा"जवळ जातो. सहा म्हणजे सगळं सुरळीत, नऊ म्हणजे दीर्घकाळ टिकणारं. म्हणून 6.66, 8.88, 18.88, 66.66, 88.88 असे आकडे सर्रास दिसतील. 168 म्हणजे वाटभर भरभराट. 250 कधीही पाठवू नका, ती मूर्ख माणसाला दिलेली शिवी आहे. बाईमाणसाला 38ही नको.

520 म्हणजे "वू अर लिंग", जे घाईत म्हटलं की "वो आय नी" सारखं लागतं, म्हणजे माझं तुझ्यावर प्रेम आहे. म्हणूनच 20 मे हा प्रेमिकांचा दिवस झाला. 1314 म्हणजे जन्मभर. वर्गमैत्रिणीला सहज म्हणून 5.20 पाठवणाऱ्या एका मराठी मुलाची समजूत मला स्वतः काढावी लागली होती, आणि त्या मुलीचीही. इथे एक कायद्याची गोष्ट: प्रेम तुटल्यावर पैसे परत मागणारे खटले चीनमध्ये बरेच होतात आणि 520, 1314 अशा अर्थपूर्ण रकमा न्यायालयं सहसा भेट धरतात, उसने नव्हे.

गटातलं पाकीट

खरी मजा आणि खरी परीक्षा इथे आहे, म्हणून जरा सविस्तर सांगते.

गटात पाकीट दोन तऱ्हांनी टाकता येतं. एक, सगळ्यांना सारखे. दुसरं नशिबाचं: तुम्ही 100 युआन टाका, 10 वाटे ठरवा, वीचॅट ते वेडेवाकडे वाटतं. वाटणीची रीत साधी आहे. दर वेळी उरलेल्या पैशांची उरलेल्या वाट्यांवर सरासरी काढायची आणि एका फनपासून (युआनचा शंभरावा भाग) त्या सरासरीच्या दुपटीपर्यंत कोणताही आकडा द्यायचा. 100 युआन, 10 वाटे म्हणजे पहिल्याला 20च्या आतलं काहीतरी मिळणार. सगळे वाटे गेले की यादी दिसते, कुणाला किती, आणि सर्वांत जास्त मिळालेल्याच्या नावापुढे "सर्वांत भाग्यवान" असं लिहून येतं. उशिरा बोट ठेवणाऱ्याला "हात मंद पडला, पाकिटं संपली" एवढंच दिसतं. या झडपेला छ्यांग होंगबाओ म्हणतात. छ्यांग म्हणजे हिसकावणं.

यात फार मोठी सोय दडलेली आहे. कागदी पाकीट बंद असतं, देणाऱ्यासमोर ते उघडायचं नसतं, त्यामुळे कुणाला किती दिले हे झाकलेलं राहतं. फोनवर ते झाकण उडालं. मोठ्या काकांनी एका पुतण्याला 20 आणि दुसऱ्याला 3 दिले असे आकडे सगळ्यांसमोर आले असते तर घरात रुसवेफुगवे झाले असते. नशिबाच्या वाटणीने तो प्रश्नच मिटवला. तीन युआन मिळाले तर दोष दैवाचा, काकांचा जीव कमी असा त्याचा अर्थ निघत नाही. नव्या वर्षाच्या रात्री एकाच खोलीत बसलेले आजी, सुना, नातू खाली मान घालून पाकिटं हिसकावतात आणि आजीला 0.01 मिळाल्यावर सगळं घर हसतं, हे मी मैत्रिणीच्या गावी हूनानमध्ये पाहिलं आहे. आजी चष्मा कपाळावर चढवून, तर्जनीने नाणं टोचल्यासारखं दाबत होत्या. चौथ्या पाकिटाला त्यांच्या नावापुढे "सर्वांत भाग्यवान" आलं, तेव्हा त्यांनी फोन शेजारी बसलेल्या प्रत्येकाच्या नाकासमोर धरून दाखवला. रक्कम होती 7 युआनच्या आसपास.

आता गटातल्या रीती.

घेतलंत की बोला. "श्ये-श्ये लाओबान", म्हणजे "धन्यवाद मालक", हे गमतीने कुणालाही म्हणतात. किंवा एखादं कपाळ टेकवणारं चित्र टाका. वर्षभर गटात चिडीचूप आणि पाकीट पडताच पहिला हात यांचा, अशी माणसं सगळ्यांच्या लक्षात राहतात. पाण्याखाली बुडी मारून बसलेले म्हणतात त्यांना.

पाकिटावरचा मजकूर वाचून मग हात लावा. "वाढदिवसाच्या मुलीसाठी" किंवा "डिलिव्हरी आणून दिलेल्या दादांसाठी" असं लिहिलेलं पाकीट तुमचं नाही, जरी ते उघडत असलं तरी. एकाच माणसासाठी बंद केलेलं पाकीटही गटात टाकता येतं. पण जुने लोक अजून साधंच टाकतात आणि शब्दांवर विश्वास ठेवतात.

मित्रांच्या गटात सर्वांत भाग्यवान ठरलेल्याने पुढचं पाकीट टाकायचं असा संकेत असतो. तुमचं नाव आलं आणि लोक वाट बघत असतील तर मिळाले त्याच्या आसपास टाका, जास्त नको.

नव्या गटात कुणी तुम्हाला घेतलं तर ओळख करून देताना छोटं पाकीट टाकणं चांगलं दिसतं. 20 युआनचे 10 वाटे पुरतात. तसंच गटाला काही काम सांगायचं असेल, एखादी प्रश्नावली भरून हवी असेल, रात्री उशिरा काही विचारायचं असेल, तर आधी पाकीट आणि मग विनंती. ती लाच नसते. "त्रास देते आहे हे मला कळतं" एवढाच त्याचा अर्थ.

ऑफिसच्या गटात साहेबांनी पाकीट टाकलं तर अवश्य घ्या, संकोच करू नका. उघडलं नाहीत तर ते यादीत दिसतं. मात्र साहेबांच्या मागोमाग त्यांच्यापेक्षा मोठं पाकीट टाकू नका. त्यांचा म्येन-झ, म्हणजे चारचौघातला मान, त्याने जातो. नवख्या माणसाने उत्साहात केलेली ही चूक भरून यायला वेळ लागतो.

लग्न असेल तर

लग्नाला स्वतः जाणार असाल तर कागदीच पाकीट न्या. करकरीत नोटा, दोन्ही हातांनी. दारापाशी टेबल मांडून एकजण ली-बू नावाच्या वहीत नाव आणि रक्कम लिहून घेतो. आपल्या गावाकडच्या लग्नात मांडवाच्या कोपऱ्यात बसून आहेराची वही लिहिणारे भाऊजी आठवा, तंतोतंत तेच चित्र. ही वही वर्षानुवर्षं जपतात आणि तुमच्या घरी कार्य निघालं की ती उघडून बघतात. "कृपया आहेर आणू नये" असं पत्रिकेवर छापण्याची आपली पद्धत तिथे मला कुठे दिसली नाही.

जाता येत नसेल तर हस्तांतर करा, सोबत "शिन-हुन ख्वाय-ल", नवविवाहितांना शुभेच्छा. किती द्यायचे? याला एकच खरं उत्तर आहे: तुमच्याइतकीच ओळख असलेल्या दोन सहकाऱ्यांना विचारा आणि तेवढेच द्या. हे विचारणं तिथे अवघड मानत नाहीत, सगळेच विचारतात. तुम्ही दुप्पट दिलेत तर बाकीचे उघडे पडतात आणि नवऱ्यामुलावर न पेलणारं ओझं येतं. प्रांताप्रांतात फरकही मोठा आहे. क्वांगतोंगमध्ये पाच-दहा युआनच्या पाकिटालाही कुणी नाक मुरडत नाही, तिथे पाकिटाला किंमत शुभेच्छेची. तिथे लग्न झालेल्यांनी बिनलग्नाच्यांना द्यायचं असा दंडक आहे, मग वय काही का असेना. तुम्ही विवाहित असाल तर वसंतोत्सवात इमारतीचा वॉचमन आणि सफाईच्या बाई यांच्यासाठी पाच-पाच युआनची पाकिटं खिशात असू द्या.

इथे पाठवू नका

मयत झाल्यावर लाल पाकीट कधीही नको. रंगच चुकतो. पांढऱ्या पाकिटातून हातात द्या, किंवा मजकुराशिवाय साधं हस्तांतर करा आणि सांत्वन वेगळ्या निरोपात लिहा.

मुलांच्या शिक्षकांना नको. विद्यार्थी आणि पालकांकडून भेटवस्तू, पैसे घेण्याला शिक्षण मंत्रालयाने 2014मध्ये मनाई केली आहे. डॉक्टरांनाही नको. त्याच वर्षी रुग्णालयांत दाखल होताना "पाकीट देणार नाही, घेणार नाही" असा करार दोन्ही बाजूंनी करण्याची पद्धत आणली गेली. सरकारी अधिकाऱ्याला फोनवरून पाठवलेलं पाकीटही लाचच धरतात, आणि फोनवरचा व्यवहार पुसता येत नाही.

अनोळखी माणसांच्या गटात "सर्वांत कमी मिळेल त्याने दुप्पट टाकायचं" असे खेळ चालतात, त्यातून लगेच बाहेर पडा. तो जुगार आहे. असे गट चालवणाऱ्यांना जुगारअड्डा चालवल्याबद्दल शिक्षा झाल्या आहेत आणि चीनच्या सर्वोच्च न्यायालयाने 2018मध्ये असा खटला मार्गदर्शक म्हणून जाहीरही केला. परदेशी विद्यार्थ्याचा व्हिसा अशा भानगडीत जाऊ शकतो.

आणि यूपीआय वापरणाऱ्या आपल्याला पाठ असलेली गोष्ट तिथेही खरी: पैसे घ्यायला पासवर्ड लागत नाही. पाकीट उघडताना पासवर्ड, कार्डाचा नंबर किंवा मोबाइलवरचा कोड मागितला तर ते पाकीट नव्हे, चोरी आहे.

घ्यायचं नसेल तर

कधी रक्कम जास्त वाटते, कधी पाठवणाऱ्याचा हेतू पटत नाही. तेव्हा ते 24 तास कामाला येतात. उघडू नका. पैसे आपोआप परत जातील आणि कुणाला काही बोलावं लागणार नाही. माणूस आपला असेल तर "शिन-यी लिंग-ल" एवढं लिहा, म्हणजे "भावना पोहोचली". समोरून दोनदा आग्रह होईल. दारात उभं राहून "अहो नको, राहू दे" म्हणत नोट इकडून तिकडे ढकलायची आपली कसरत आठवा, त्याचंच हे फोनवरचं रूप. तिसऱ्यांदा आग्रह झाला तर सहसा घेतात.

परतफेड

आता पुन्हा घरमालकीणबाई. त्यांना मी आयी म्हणत असे. चिनी भाषेत मावशीला, आईच्या वयाच्या कुठल्याही बाईला आयी म्हणतात, आणि मला तो शब्द तोंडात घ्यायला पहिल्या दिवसापासून सोपा गेला.

मैत्रिणीने जे शिकवलं ते असं. मोठ्या माणसाने दिलेलं घ्यायचं, आणि त्याच दिवशी त्याच रूपात परत करायचं नाही. वेळ जाऊ द्यायचा, कारण निमित्त साधून द्यायचं असतं: त्यांचा वाढदिवस, नातवाची परीक्षा, मध्य शरद ऋतूतला चंद्राचा सण. रक्कम सारखी नको, जरा वर हवी. 66 आले असतील तर 88 जावेत. वाढवता येत नसेल तर रूप बदलावं, पैशाच्या जागी वस्तू किंवा वेळ द्यावा. बरोबरीच्या मित्रांत मात्र त्याच संध्याकाळी पाकिटाला पाकीट चालतं, 6.66ला 8.88, तो खेळच असतो. आणि घरातल्या मुलांना मिळालेलं या-स्वेइ-छ्येन कुणाकडून किती आलं हे लिहून ठेवा, कारण त्यांच्या मुलांनाही द्यायचं आहे.

मी त्या वर्षी दिवाळीपर्यंत थांबले. भाजणी पुण्याहून आणलेली होती, चकल्या शेन्झेनच्या छोट्या गॅसवर तळल्या आणि स्टीलच्या डब्यात भरून आयींच्या घरी गेले. त्यांनी उभ्या उभ्याच एक मोडून खाल्ली, नातवाला हाक मारली आणि मला आत बसवलं. डबा त्यांच्याकडेच राहिला. पुढच्या वसंतोत्सवात तो परत आला तेव्हा त्यात पानांसकट संत्री होती. क्वांगतोंगच्या बोलीत त्या संत्र्याचा आणि शुभाचा उच्चार एकच आहे. त्याच रात्री फोनवर 66.66चं पाकीट आलं. मी ते उघडलं, हाताने चार शब्द लिहिले आणि फोन बाजूला ठेवला.

देश सोडताना

भारतात परतण्याआधी लिंग-छ्येनमधले सगळे पैसे बँकेत वळवा आणि बँकेतले काढा किंवा इकडे पाठवा, कारण इथे वीचॅट चालेल या भरवशावर राहता येत नाही. गटांतून न सांगता बाहेर पडू नका. प्रत्येक गटात एक शेवटचं पाकीट टाका, 66 युआनचे 20 वाटे, वर दोन ओळी निरोपाच्या. जवळच्या लोकांचे फोन नंबर आणि घरचे पत्ते कागदावर लिहून घ्या.

2023मध्ये मी निघाले तेव्हा आयींच्या नातवाला कागदी पाकीट दिलं, दोन्ही हातांनी. तो आता त्यांच्याहून उंच झाला होता, त्याने ते न उघडता खिशात ठेवलं. आदल्या आठवड्यात चकल्या दिल्या होत्या. डबा मी मागितला नाही आणि त्यांनीही परत दिला नाही.